खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचा लाईट: निवडायचा कसा, टांगायचा कुठे

खाऱ्या पाण्याच्या टाकीचे फोटो माझ्याकडे येत असतात आणि बहुतेक फोटोंखाली एकच प्रश्न असतो: "लाईट कमी पडतोय का?" जवळपास दर वेळी लाईट कमी नसतो, जास्त असतो. नाहीतर पुरेसा असतो, पण चुकीच्या जागी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या घरी १६५ वॅटचा एलईडी लाईटचा डबा पाण्यापासून वीतभर अंतरावर पूर्ण जोरात चालू होता, आणि खाली मश्रूम कोरल (एक मऊ प्रवाळ) कडा मुडपून शर्टाच्या बटणाएवढं झालं होतं. त्यावर उपाय म्हणून गड्याने दुसरा लाईट मागवला होता!

लाईट सहसा वाईट नसतो, क्रम चुकतो. आधी लाईट घरी येतो, मग टाकी, आणि शेवटी "यात काय काय ठेवता येईल?" हा प्रश्न. खालचे टप्पे याच्या बरोबर उलट्या क्रमाने आहेत. उदाहरणाला माझीच टाकी घेतो: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदलतील, टप्पे तेच राहतील.

## टप्पा १: टाकीत कोण राहणार ते कागदावर लिहा

फक्त मासे ठेवायचे असतील, म्हणजे क्लाऊनफिश, डॅम्सेल, गोबी वगैरे, तर लाईट माशांना नाही, तुम्हाला लागतो. बघायला. ३ फुटी टाकीला २० ते ३० वॅटची साधी एलईडी पट्टी भरपूर झाली. त्याहून जास्त लाईट लावलात तर त्यावर पोसणार फक्त शेवाळ.

सॉफ्ट कोरल ठेवायचे असतील तर गणित सुरू होतं. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि उजेडावर ती जे अन्न बनवतात त्यावर कोरल जगतं. हा उपयोगी उजेड 'पार' या मापात मोजतात: दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात ते. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीत आपल्याला त्याचा विसावा हिस्सासुद्धा बऱ्याचदा पुरतो:

- मश्रूम: ३० ते ७५
- झोआ: ६० ते १२०
- लेदर आणि झेनिया: ८० ते १५०
- बबल टिप ॲनिमोन (हे कोरल नव्हे, त्याचा नातेवाईक): १०० ते २५०

हे आकडे गोळाबेरजेचे आहेत, काटेकोर नाहीत. दोन-चार टाक्या हाताळल्या की तुमचा स्वतःचा अंदाज बसतो.

इशारा. परदेशी व्हिडिओंत दिसतात ते रंगीत काटेरी ॲक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन हे सगळे कठीण कोरल आहेत. त्यांना एसपीएस (बारीक पॉलिपचे) म्हणा नाहीतर एलपीएस (मोठ्या पॉलिपचे), वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण कोरल आहेत. सी-फॅन, ऑर्गन पाईप कोरल, फायर कोरल आणि समुद्रघोडेही याच कायद्याने संरक्षित आहेत. जायंट क्लॅम या मोठ्या शिंपल्याच्या काही जातीही. "दादा, एक तुकडा आणून देतो, कुणाला कळत नाही," असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. मेलेलं पांढरं कोरल शोभेला ठेवणंही याच कायद्याच्या कक्षेत येतं, तेव्हा टाकीत कोरडे खडक किंवा सिरॅमिकचे दगडच घ्या.

याचा लाईटशी थेट संबंध आहे. व्हिडिओतला माणूस "२५० ते ३५० पार पाहिजेच" म्हणतो ते ॲक्रोपोरासाठी. आपण ते ठेवायचंच नाही, तर त्याचा लाईट कशाला विकत घ्यायचा?

तपासणी. कागदावर प्रत्येक जीवाच्या नावापुढे आकडा लिहिला का? सगळ्यात जास्त कुणाला, सगळ्यात कमी कुणाला? हे दोन आकडे पुढच्या प्रत्येक टप्प्यात लागणार आहेत.

## टप्पा २: जागा ठरवा, मग टेप काढा

टाकी खिडकीसमोर नको हे सगळ्यांना माहीत असतं, पण लोक जागा बघतात मे महिन्यात. मे महिन्यात कोल्हापुरात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही आणि जागा एकदम सुरक्षित वाटते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की त्याच खिडकीतून उन्हाचा पट्टा दोन-तीन फूट आत येतो आणि टाकीच्या काचेवर बसतो. जानेवारीत मग एका बाजूला हिरवं शेवाळ आणि "लाईट बदलला नाही, काही नाही, मग हे आलं कुठून?" असं कोडं. पश्चिमेची खिडकी असेल तर उन्हाळ्याची संध्याकाळही धरा. जाड पडदा चालतो, पण तो रोज ओढणारं माणूस घरात पाहिजे.

जागा पक्की झाली की ही मापं घ्या:

१. टाकीची आतली लांबी आणि रुंदी. माझी ९० आणि ४४ सेंमी भरते.
२. वाळूच्या वरपासून पाण्याच्या पातळीपर्यंतची खोली. टाकी ४५ सेंमी उंच असली तरी वाळू ४ आणि वरची मोकळी जागा ३ गेली की उरतात ३८.
३. खडकाचा माथा पाण्याखाली किती असेल. माझा १४ सेंमी.
४. टाकीच्या वर छतापर्यंत किती जागा आहे, आणि छत स्लॅबचं, पत्र्याचं की पीओपीचं.
५. काचेची आडवी पट्टी मध्ये आहे का. ३ फुटी टाकीला बहुधा असतेच. ती कुठे येते ते नेमकं मोजा, पुढे तीच आडवी येणार आहे.

## टप्पा ३: लाईट निवडा

वॅट हा विजेच्या बिलाचा आकडा आहे, टाकीतल्या उजेडाचा नाही. एका लिटरला अमुक वॅट हा जुना हिशेब ट्यूबलाईटच्या काळातला. एलईडीला तो लावू नका. केल्विनचंही (उजेडाच्या रंगछटेचं माप) तसंच. गोड्या पाण्यातल्या झाडांचा ६५०० केल्विनचा लाईट खाऱ्या टाकीवर पिवळट दिसतो आणि कोरलला हवा असतो तो निळा त्यात कमी असतो. पण निळा-पांढरा वेगवेगळा फिरवता येणाऱ्या एलईडीला एकच केल्विनचा आकडा तसा अर्थहीन आहे. तिथे बघायचं ते हे:

निळा आणि जांभळट निळा, म्हणजे साधारण ४२० ते ४७० नॅनोमीटरचा भाग, भरपूर हवा. पांढरा वेगळ्या बटणावर हवा. लाल आणि हिरवा असला तरी जवळपास बंदच ठेवायचा. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरून जातो, कोरलला त्याची सवय नसते आणि शेवाळाला मात्र तो मानवतो. तांबडा-पांढरा आपल्या ताटात शोभतो, टाकीवर निळा-पांढरा.

लेन्स किती अंशांची आहे ते विचारा. ९० अंशांची लेन्स मध्यम पसरट, ६० अंशांची खोल आणि अरुंद. दीड फूट उंच टाकीला ६० अंश नको. मधोमध भोवरा पडल्यासारखा उजेड आणि कोपरे काळे.

डिमर हवाच. ज्या लाईटचा जोर कमी करता येत नाही तो फुकट मिळाला तरी कोरलच्या टाकीवर घेऊ नका.

पंखा आणि ड्रायव्हर. मिठाच्या हवेत सगळ्यात आधी पंखा जातो. बहुतेक डब्यांत १२ व्होल्टचा साधा पंखा असतो, तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे सहज मिळतो. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, बाहेर वेगळा असेल तर उत्तम: बिघडला तर तेवढाच बदलायचा. सगळं एका सीलबंद डब्यात आणि सर्व्हिस सेंटर हजार किलोमीटरवर, असला लाईट माझ्या मते स्वस्त पडूनही महागच.

टी-५ (बारीक ट्यूबलाईट) ट्यूबचा उजेड फार सारखा पडतो, मला तो अजूनही आवडतो, पण ट्यूब वर्षाच्या आत-बाहेर बदलाव्या लागतात आणि चांगल्या सागरी ट्यूब आपल्याकडे सहज मिळत नाहीत. मेटल हॅलाईडचे जुने तापणारे दिवे विसरा. एप्रिलमध्ये हॉलमध्ये शेगडी ठेवायची असेल तरच लावा.

एक मोठा की दोन लहान? ३ फूट टाकीला दोन लहान. कारण मघाचीच ती काचेची आडवी पट्टी. एकच लाईट मधोमध टांगलात तर तो नेमका पट्टीवर येतो, पट्टीवर मीठ साचतं आणि सगळ्यात प्रखर उजेड त्या मिठाच्या थरावर खर्ची पडतो. दोन लाईट पट्टीच्या दोन बाजूंना ठेवले की हा त्रास नाही, शिवाय खडकाच्या एका बाजूची सावली दुसरा लाईट भरून काढतो. एकच घ्यायचा असेल तर पुढचा हिशेब जास्त काळजीने करा.

## टप्पा ४: टांगायची तयारी

स्लॅब असेल तर धातूचा अँकर फास्टनर मारून हूक लावा. प्लॅस्टिकच्या गट्टूवर तीन-चार किलोचा लाईट पाण्यावर टांगू नका. पीओपीच्या छताला तर काहीच टांगू नका. पेठेतल्या जुन्या घरात माळा किंवा पत्रा असेल तर भिंतीच्या भानगडीत न पडता स्टँडलाच मागून उभा पाईप आणि वर आडवा हात बसवून घ्या. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला चित्र काढून दिलं की तो करून देतो. फक्त स्टेनलेस सांगा. लोखंडाला पावडर कोटिंग केलेलं पहिल्या पावसाळ्यात छान दिसतं. दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या जोडावरून गंजाचे पाणी टाकीत थेंब थेंब पडू लागतं.

टांगायची तार खाली-वर करता येईल अशीच घ्या. पुढच्या टप्प्यात ती दहा वेळा हलणार आहे. शिवाय मुख्य तारेखेरीज एक ढिली जादा तार सुरक्षेसाठी बांधा. हूक सुटला तर लाईट पाण्यात न पडता हवेत लोंबला पाहिजे.

लाकडी बंद टोपी करून त्यात लाईट बसवण्याचा मोह होतो, दिसतंही छान. करायचीच असेल तर मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ३७-३८ वर जातो, टाकी मात्र २५ ते २७ अंशांत ठेवायची असते. कोंडलेली गरम हवा पाण्यालाही तापवते आणि एलईडीचं आयुष्यही खाते.

इशारा: वीज. हा भाग वगळू नका.

- टाकीच्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. खारं पाणी गोड्या पाण्याच्या कितीतरी पट वीजवाहक असतं.
- अर्थिंग आहे का ते वायरमनला बोलावून तपासा. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं, मागे तिसरी वायरच नसते.
- प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली वळसा घेऊन मग वर प्लगमध्ये गेली पाहिजे. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या वळशातून खाली पडतं, प्लगमध्ये शिरत नाही.
- बोर्ड टाकीच्या वर किंवा थेट मागे नको. बाजूला, आणि शिंतोडे पोचणार नाहीत इतका दूर.

## टप्पा ५: रिकाम्या टाकीत उंची आणि जागा ठरवा

हा टप्पा सगळे पाणी भरल्यावर करतात, म्हणून चुकतात. पाणी, खडक, मासे आत गेल्यावर लाईट हलवायचा कंटाळा येतो. टाकी रिकामी असतानाच करा.

आधी कागदावर. ९० अंशांच्या लेन्सचा उजेड जितक्या उंचीवरून पडतो तितकाच प्रत्येक बाजूला पसरतो. समजा एकच लाईट आहे, ४० सेंमी लांब, २० सेंमी रुंद. तो पाण्यापासून २० सेंमीवर टांगला तर पाण्यावरचा पट्टा लांबीला ४० अधिक २० अधिक २०, म्हणजे ८० सेंमी. माझी टाकी ९० ची. दोन्ही टोकांना पाच-पाच सेंमी अंधुक. लाईट २५ वर नेला तर ९० पुरे होतात. ३० वर नेला तर लांबीला १०० होतात आणि रुंदीला ८०. ४४ सेंमीच्या टाकीवर ८० चा पट्टा म्हणजे जवळपास निम्मा उजेड भिंतीवर आणि सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत.

तेव्हा या मापाला २५ सेंमीपासून सुरुवात करा. आणि लक्षात ठेवा, पट्ट्याच्या कडेला उजेड मधल्यापेक्षा निम्म्यावर आलेला असतो. कागदावर ९० पुरले म्हणजे कोपऱ्यात मधल्याएवढाच उजेड मिळाला असं नाही.

आता प्रत्यक्ष. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा. मोबाईलमध्ये लक्स मोजणारं ॲप टाका, मोबाईल टाकीच्या तळावर उताणा ठेवा, आणि डावीकडे, मधे, उजवीकडे, प्रत्येकी पुढे आणि मागे, अशी सहा ठिकाणी नोंद घ्या. सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. वाकून बघताना तुमचंच डोकं लाईटच्या आड येतं, तेव्हा बाजूने बघा. मग वीट किंवा डबा ठेवून खडकाच्या माथ्याच्या उंचीवर हेच पुन्हा.

इशारा. मोबाईलचा आकडा पारमध्ये बदलायला जाऊ नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि निळा प्रकाश ते फार कमी मोजतं. एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना, एवढ्यापुरतंच ते खरं.

मधला आकडा कोपऱ्याच्या चौपट आला तर लाईट खाली आहे. वर घ्या आणि डिमरचे टक्के वाढवा. हेच सगळ्यांना उलटं वाटतं: वर घेतला की उजेड कमी होतो, मग फायदा काय? फायदा सारखेपणाचा. वरून जास्त टक्क्यांनी पडणारा उजेड टाकीभर पसरतो. खालून कमी टक्क्यांनी पडणारा एकाच खडकाला भाजतो आणि बाकी टाकी उपाशी ठेवतो.

पुढे-मागे कुठे? मी मध्यरेषेपासून तीन-चार सेंमी समोरच्या काचेकडे ठेवतो. लाईट मागे गेला की मासे पाठमोऱ्या उजेडात काळपट दिसतात आणि मागच्या काचेवर शेवाळ धरतं. फार पुढे आणला की पुढची काच रोज घासावी लागते. सोफ्यावर बसून बघा: एलईडीचे ठिपके थेट डोळ्यांत येत असतील तर पुढच्या कडेला चार बोटांची काळी ॲक्रिलिकची पट्टी लावा. आणि लाईट चालू असताना खालून वाकून त्यात बघू नका, जांभळट निळा प्रकाश दिसतो त्यापेक्षा तीव्र असतो.

तपासणी. तारेच्या उंचीवर मार्करने खूण केली का? साफसफाईला लाईट वर ओढला की परत नेमका तिथेच यायला हवा.

## टप्पा ६: पाणी भरल्यावर मोजा, पण घाई करू नका

टाकी भरली, खडक लागले, आता टाकीतली घाण पचवणारे बॅक्टेरिया बसेपर्यंतचे चार ते सहा आठवडे लाईट बंद ठेवा. हो, पूर्ण बंद. या काळात अमोनिया, नायट्रेट वरखाली होत असतात. त्यावर उजेड म्हणजे शेवाळाला निमंत्रण. "नवीन लाईट आणलाय आणि अंधारात बसू काय?" मग संध्याकाळी पाहुण्यांपुरता अर्धा तास लावा.

पार मीटर महाग आहे आणि वर्षातून दोनदाच लागतो. चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एका दिवसाला आणावा. मोजताना वेव्हमेकर (पाण्यात लाटा आणणारा पंप) बंद करा, नाहीतर लाटांच्या झळाळीने आकडा नाचत राहतो. काही मीटरना हवेचा आणि पाण्याचा असे दोन मोड असतात, ते बघा. लाईट ५० टक्क्यांवर ठेवून खडकाचा माथा, मध्य, वाळू अशा तीन पातळ्यांवर डावीकडे-मधे-उजवीकडे मोजा. नऊ आकडे. एका कागदावर टाकीचं चित्र काढून त्यात भरा.

आता पहिल्या टप्प्यातला कागद त्याच्या शेजारी ठेवा. कुणाची जागा कुठे ते आपोआप दिसतं: मश्रूम वाळूवर किंवा कपारीत, झोआ मध्यावर, लेदर माथ्याजवळ. ॲनिमोनला जागा तुम्ही दिलीत तरी ते स्वतः फिरून आपली जागा निवडतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी आणा. फिरता फिरता ते शेजाऱ्यांना डंख मारतं.

मीटर मिळालाच नाही तर? ३० टक्क्यांपासून सुरू करा आणि आठव्या टप्प्यावर विसंबा. थोडा वेळ लागेल, पण कोरल मरणार नाही.

## टप्पा ७: टायमर

एकूण आठ ते नऊ तास. एक तास फक्त निळा, सहा-सात तास निळा अधिक थोडा पांढरा, शेवटचा तास पुन्हा निळा. खोलीत काळोख असताना एकदम लाईट पेटला तर मासे दचकून उडी मारतात. आधी खोलीतला दिवा, मग टाकीचा. टाकीवर जाळी असावीच.

हे आठ तास सकाळी नऊला सुरू करायची गरज नाही. घरी असाल तेव्हा ठेवा. उन्हाळ्यात मी दुपारी तीनला सुरू करून रात्री अकराला बंद करतो, म्हणजे दुपारच्या झळांत लाईटची उष्णता भर घालत नाही.

आता माझी चूक. पहिली दोन वर्षं मी तबकडी फिरणारा स्वस्त टायमर वापरला. तो विजेवरच फिरतो. लाईट गेली की जागीच थांबतो. जुलैत पावसाचा जोर, दिवसातून कधी तास, कधी तीन तास वीज नाही. टायमर रोज तेवढा मागे. मला पत्ता नाही. एका रात्री एक वाजता आई पाणी प्यायला उठली आणि हॉलमधून हाक आली, "तुझं मासं झोपत न्हाईत व्हय रं?" हॉल निळाभोर. तबकडीत तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. झोआ आठवडाभर नीट उघडले नव्हते ते यामुळे, आणि मी त्यासाठी दोनदा पाणी बदललं होतं.

बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, किंवा वीज आल्यावर आपली वेळ पुन्हा जुळवून घेणारं स्मार्ट सॉकेट. दोन्हींना घड्याळाशी महिन्यातून एकदा ताडून बघा.

आणि कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर, लाईट गेली तर लाईटची काळजी करू नका. कोरल दोन दिवस अंधारात राहू शकतं. मासे ऑक्सिजनविना राहत नाहीत. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर किंवा हवेचा पंप जोडा, टाकीचा लाईट नको. विजा कडाडायला लागल्या की लाईटचा प्लग काढून ठेवलेला बरा, ड्रायव्हर वाचतो.

## टप्पा ८: पहिले दोन महिने

सुरुवात: सहा तास, निळा ३० टक्के, पांढरा १० च्या आत. दर आठवड्याला फक्त पाच टक्के वाढ, आणि वेळ आठ तासांवर हळूहळू. टप्पा ६ च्या आकड्यांपर्यंत पोचलात की थांबा.

नवीन कोरल आणलं की पहिला आठवडा वाळूवर, सावलीच्या बाजूला. दुकानातल्या मंद उजेडातून आलेलं असतं ते. मग एका आठवड्याने मध्यावर. एकाच आठवड्यात जागाही बदलली आणि टक्केही बदलले तर काय चुकलं ते कधीच कळत नाही.

लक्षणं वाचायला शिका:

झोआचे देठ लांबट होऊन मान वर काढल्यासारखे दिसले तर उजेड कमी. तेच खुजे, रंग फिके आणि दुपारी मिटलेले, तर जास्त. मश्रूम पसरट, ताटलीसारखं असेल तर खूश. कडा वर मुडपल्या आणि आकसलं तर सावलीत हलवा. कुठलंही कोरल पांढरं पडत चाललं तर त्याच दिवशी टक्के दहाने कमी करा, उद्यावर ढकलू नका. अंगातली शैवालं गेली की ते उपाशी राहतं.

लेदर मात्र फसवतं. ते अधूनमधून मिटतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं, आठवडाभर मेल्यासारखं उभं राहतं आणि मग पापुद्रा टाकून पुन्हा फुलतं. त्या आठवड्यात लाईटला हात लावू नका. फार तर वेव्हमेकरचा झोत त्याच्या बाजूने वळवा.

वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर आला तर तो नव्या टाकीत बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो, सिलिकेट संपलं की जातो. आरओचं पाणी वापरत नसाल तर सिलिकेट येतच राहतं, लाईट बदलून काहीही होणार नाही. हिरवे केस वाढले तर आधी खाणं कमी करा, नायट्रेट-फॉस्फेट मोजा. वेळ एक तासाने कमी करणं हा दुसरा उपाय.

स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: तारीख, निळा, पांढरा, उंची, कोण उघडलं, कोण मिटलं. दोन महिन्यांनी "लाईट कमी पडतोय का?" हे विचारायची वेळ आली तर आधी तो कागद वाचा.

## टप्पा ९: निगा

आठवड्यातून एकदा लाईट बंद करून, प्लग काढून, थंड झाल्यावर लेन्स पुसा. ओल्या फडक्याने, आरओच्या पाण्याने. साबण किंवा काच पुसायचा स्प्रे टाकीच्या आसपास नको. काचेचं झाकण आणि आडवी पट्टीही. मिठाचा थर दिसायला पातळ असतो पण उजेड भरपूर गिळतो. पावसाळ्यात दमट हवेने तो ओला राहतो आणि स्क्रूच्या डोक्यांना, पंख्याच्या पात्यांना खातो, तेव्हा जून ते सप्टेंबर पंखाही ब्रशने झटका. पंख्याचा आवाज बदलला तर बंद पडायची वाट न बघता बदला. पंखा थांबला की एलईडी काही दिवसांतच रंग टाकतात.

आणि पुसायचं दोन-तीन महिने राहून गेलं असेल, तर पुसल्या दिवशी टक्के दहाने उतरवा. स्वच्छ लेन्समधून पडणारा उजेड कोरलला नवा लाईट बसवल्यासारखाच लागतो. जुन्या आकड्यावर परत यायला दोन आठवडे घ्या.